रोषणाई कोणत्या खात्यावर?

दिवाळीच्या रोषणाईची वर्गणी कोणत्या खात्यावर टाकायची, हा प्रश्न दर वर्षी माझ्या टेबलावर येतो. देणगी म्हणावं तर घेणारी संस्था करसवलतीच्या यादीत आहे का ते बघावं लागतं. असली तर सिंगापूरमध्ये दिलेल्या रकमेच्या अडीचपट वजावट मिळते. जाहिरात म्हणावं तर दुकानाचं नाव कुठे झळकलं त्याचा पुरावा जोडावा लागतो. लिटल इंडियातल्या सेरंगून रोडवरचे जुने दुकानदार या काथ्याकुटात पडत नाहीत. एक सोनार मला म्हणाले होते, "मॅडम, तो दुकान चालवायचा खर्च आहे. भाडं, वीज, पगार आणि दिवाळी. कुठेही लिहा, पण दर वर्षी लिहा."

मी मूळची कोल्हापूरची. बी.कॉम. झाले, लग्नानंतर सिंगापूरला आले आणि लिटल इंडियातल्या एका लहानशा हिशेब-कार्यालयात नोकरीला लागले. आमचे अशील म्हणजे फुलांचे हार करणारे, साड्यांवाले, सोनार, किराणावाले, केळीच्या पानावर जेवण वाढणाऱ्या खानावळी. सुरुवातीला मी त्यांच्या पावत्या लावायचे आणि जीएसटीचे तिमाही फॉर्म भरायचे. पुढे दुकानदारांच्या बैठका व्हायच्या तिथे 'लिहून घ्यायला' मला बोलावू लागले. मी कुणाची नातलग नव्हते, तमिळ मोडकंतोडकं बोलायचे आणि सगळ्यांचे आकडे पोटात ठेवायचे, हीच माझी पात्रता. त्यामुळे एखाद्या वस्तीचा 'सांस्कृतिक आणि खरेदीचा परिसर' कसा घडतो हे मी आराखड्यांपेक्षा किर्दीतून जास्त पाहिलं.

वस्ती मुळात कुणी आखलेली नाही. इथे गवत आणि पाणी होतं म्हणून गुरं आली. एकोणिसाव्या शतकात गुरांच्या व्यापारावर इथे माणसं पोसली जात. बफेलो रोड आणि केरबाव रोड ही रस्त्यांची नावं त्याच धंद्याची, आणि बेलिलिओस रोड हे नाव कलकत्त्याहून आलेल्या एका गुरांच्या व्यापाऱ्याचं. 1840 च्या दशकात गोऱ्या साहेबांनी जवळच घोड्यांच्या शर्यतींचं मैदान केलं, त्यावरून रेसकोर्स रोड. गुरांमागून गवळी आले, गवळ्यांमागून किराणा आला, मग देवळं. श्रीनिवास पेरुमाळचं देऊळ 1855 चं, वीरमाकालिअम्मनचं 1881 चं. देवळाला फुलं लागतात, म्हणून फुलवाले. लग्नाला सोनं आणि साडी लागते, म्हणून सोनार आणि कापडवाले. कोमला विलास ही शाकाहारी खानावळ 1947 ची. आज जिथे लोक बॅगा भरून खरेदी करतात त्या मुस्तफा सेंटरची सुरुवात 1971 साली कॅम्पबेल लेनमधल्या तयार कपड्यांच्या छोट्या दुकानातून झाली. एका धंद्याची गरज पुरवायला दुसरा धंदा, असं हे वाढत गेलं.

सरकारने या भागाला वारसा म्हणून हात घातला तो 1989 साली. चायनाटाउन आणि कॅम्पाँग ग्लामसोबत लिटल इंडियालाही संवर्धन क्षेत्र घोषित केलं. जुन्या दुकानघरांच्या रांगा वाचल्या. खाली दुकान, वर राहतं घर, आणि पुढे छताखालची सलग चालण्याची वाट. या वाटेला इथे फाइव्ह-फूट वे म्हणतात. 1822 साली रॅफल्सने नगररचनेच्या सूचनांत घातलेली ही अट. नियमानुसार ती मोकळी पाहिजे. पण दुकानदाराच्या मते दुकानाचं खरं तोंड तेच. पोत्यातल्या सुक्या मिरच्या, केळ्यांचे घड, स्टीलचे डबे तिथे मांडल्याशिवाय गिऱ्हाईक थांबत नाही. परदेशी पाहुणे ज्या दृश्याचे फोटो काढतात ते बरंचसं या पाच फुटांतलं आहे, आणि तपासणीला येणारा माणूसही याच पाच फुटांसाठी येतो. या एका गोष्टीवर आमच्या बैठकांत जितका वेळ गेला, तितका कमानी आणि मोरांच्या चित्रांवर कधीच गेला नाही.

इमारती वाचवणं आणि त्यातला धंदा वाचवणं यांचे हिशेब वेगवेगळे लागतात. सिंगापूरचा भाडेनियंत्रण कायदा 1947 चा. आपल्याकडे मुंबईचा भाडे कायदाही त्याच वर्षीचा, त्यामुळे पागडीच्या चाळीत वाढलेल्या माणसाला पुढची गोष्ट सांगावी लागणार नाही. भाडं गोठलेलं, घरमालकाला दुरुस्तीत रस नाही, भाडेकरू हलायला तयार नाही. संवर्धन करायचं तर घरमालकाने पैसे घालायला हवेत, आणि त्याने पैसे घालायचे तर भाडं मोकळं व्हायला हवं. सिंगापूरचा हा कायदा टप्प्याटप्प्याने सैल होत 2001 साली पूर्ण रद्द झाला. इमारती उजळल्या, रंगल्या, त्यांच्या किमती चढल्या. आणि माझ्यासमोर येणाऱ्या ताळेबंदांत भाडं हा सगळ्यात जाड आकडा होऊन बसला.

भाडं वाढलं की काय होतं ते दुकानाच्या फळीवर दिसतं. कमी नफ्याचा, जागा खाणारा माल आधी जातो. कफ रोडवर मसाले दळून देणारी गिरणी होती. हळद, धणे, मिरची पोत्यातून यायची आणि गिऱ्हाइकाच्या समोर दळली जायची. दळणाचा दर किती वाढवणार? मोबाइलचं दुकान किंवा मसाज पार्लर तेवढ्याच चौरस फुटांत कितीतरी जास्त भाडं सोसतं. दर्शनी भिंत, खिडक्यांची नक्षी, कौलांचा उतार यांना संरक्षण आहे. आत काय चालतं, हे बाजार ठरवतो. एका वृद्ध साडीवाल्यांनी बैठकीत विचारलं होतं, "भिंतीला वारसा म्हणता, मग भिंतीच्या आत बसलेल्या माझ्या बापाला काय म्हणायचं?" त्यावर कुणीच काही बोललं नाही. मी ते तसंच्या तसं लिहून घेतलं.

व्यापाऱ्यांच्या हाती मग काय उरतं? संघटना. लिटल इंडिया शॉपकीपर्स अँड हेरिटेज असोसिएशन, सगळ्यांच्या तोंडी 'लिशा'. दिवाळीची सेरंगून रोडवरची रोषणाई, कॅम्पबेल लेनमधला दिवाळी बाजार, जानेवारीतला पोंगल, अशा गोष्टी तिच्या पुढाकाराने, पर्यटन मंडळ आणि इतर संस्थांच्या साथीने होतात. पोंगलला चक्क गाई-बैल आणतात. ज्या भागातून गुरांचा धंदा कधीच उठला, तिथे शिंगं रंगवलेला बैल पाहायला उंच इमारतींतली मुलं आईबापांचं बोट धरून येतात. कुणी याला दिखावा म्हणेल. पण त्या आठवड्यात ऊस, नवी मातीची मडकी, हळदीची ओली रोपं किती खपतात ते मी बघते. गोठा गेला तरी सणामागची खरेदी गेलेली नाही, आणि ती खरेदी करणारी बहुतेक माणसं पर्यटक नसतात.

वर्गणी ऐच्छिक असल्याने एक कायमचं दुखणं आहे. रस्त्यावर दिवे लागले की उजेड सगळ्यांच्याच दारात पडतो, पावती फाडणाऱ्याच्या आणि न फाडणाऱ्याच्याही. टोरांटोत यावर वेगळा उपाय काढलेला आहे. 1970 साली तिथल्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमधल्या दुकानदारांनी असा जिल्हा करून घेतला, जिथे हद्दीतल्या प्रत्येक व्यापारी मालमत्तेवर थोडा जादा कर बसतो, तो महापालिका गोळा करते आणि व्यापाऱ्यांनी निवडलेल्या मंडळाकडे देते. दिवे, बाकडी, सफाई, उत्सव यावर तो खर्च होतो. त्याच शहरातला जेरार्ड इंडिया बझार हा भारतीय बाजारही पुढे याच पद्धतीने चालू लागला. मी हे बैठकीत सांगितलं तेव्हा निम्मे लोक म्हणाले, सक्तीच बरी; उरलेले म्हणाले, आणखी एक कर नको. दोन्ही बाजूंना आपापली कारणं होती. सक्तीच्या वर्गणीत भांडण एकदाच, सुरुवातीला होतं. ऐच्छिक वर्गणीत ते दर वर्षी नव्याने होतं; पण दर वर्षी दारोदार जावं लागतं म्हणून कोण अडचणीत आहे, कोण दुकान विकायच्या विचारात आहे, हेही कळत राहतं.

दिवाळी बाजाराचा हिशेब दिसतो तितका सरळ नाही. कॅम्पबेल लेनमध्ये मांडव पडतात, तात्पुरते गाळे लागतात, पाय ठेवायला जागा उरत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सगळ्यांचीच चंगळ. पण कायमच्या दुकानाच्या तोंडासमोर तात्पुरता गाळा आला आणि तोच माल स्वस्तात विकू लागला, तर वर्षभर भाडं भरणाऱ्याने काय करायचं? मी त्या महिन्याचे आकडे दरसाल शेजारी शेजारी ठेवून पाहायचे. मिठाई, हार, बांगड्या यांची विक्री चढायची. शिवलेले कपडे आणि शोभेच्या वस्तू यांची दुकानं कधी कधी एरवीपेक्षाही मागे पडायची. ही तुलना दुकानांची नावं झाकून मी बैठकीत मांडली तेव्हा कुणाच्या दारासमोर कोणता माल नको यावर पहिल्यांदा नीट बोलणं झालं. तोवर ज्याचा आवाज मोठा त्याचं गाऱ्हाणं मोठं, असाच कारभार होता.

दिवाळीची तारीख हीसुद्धा मालाची गोष्ट आहे. तमिळ लोकांची दीपावली म्हणजे नरक चतुर्दशी, आपलं पहिलं अभ्यंगस्नान. सरकारी सुट्टी एकच आणि तीही बहुतेकदा त्याच दिवसाची. उत्तरेकडच्यांची आणि गुजरात्यांची मोठी खरेदी लक्ष्मीपूजनाची. एका किराणावाल्या अण्णांनी मला विचारलं, "तुमचे लोक येतात आणि काहीतरी शोधून हात हलवत परत जातात. त्यांना हवंय तरी काय?" मी यादी करून दिली: उटणं, साध्या मातीच्या पणत्या, जाड पोहे, पातळ पोहे वेगळे, चिवड्याचं डाळं, भाजणीचं पीठ, आकाशकंदील. पुढच्या दिवाळीला त्यांनी अर्धी फळी रिकामी करून हा माल लावला. महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना एकमेकींकडून कळलं आणि तो संपलाही. गणपतीत तर यादीही द्यावी लागली नाही. दूर्वांच्या जुड्या फुलवाल्यांकडे आधीपासूनच होत्या, कारण तमिळ घरांतल्या पिळ्ळैयारलाही त्याच लागतात. सिंगापूरच्या रहिवाशांत भारतीय नऊ टक्क्यांच्या आसपास, आणि त्यांच्यात आपण मूठभर. मूठभरांचा सण परमुलखात टिकतो तो अशा फळीवर. कोणत्या मालाला किती हात जागा द्यायची, हा निर्णय घेणारा दुकानदार त्या घटकेला सांस्कृतिक धोरणच ठरवत असतो, फक्त त्याला तसं कुणी म्हणत नाही.

2015 च्या मे महिन्यात कॅम्पबेल लेनच्या तोंडाशी इंडियन हेरिटेज सेंटर उघडलं. चार मजली, रात्री आतून उजळणारी इमारत. गल्ली पादचाऱ्यांसाठी मोकळी झाली. त्याच सुमाराला गल्ल्यांच्या भिंतींवर मोठमोठी चित्रं आली. लासाल कला महाविद्यालय आणि पर्यटन मंडळ यांचा तो उपक्रम. परिसराला चेहरा मिळाला, शाळेच्या सहली येऊ लागल्या. फुलवाल्यांना मात्र दुसराच प्रश्न पडला होता. जाईजुई, शेवंती, गुलाब, विड्याची पानं यांची खोकी पहाटे येतात आणि बर्फ वितळायच्या आत ती सावलीत पोचावी लागतात. गाडी दारात येणार नसेल तर शेजारच्या रस्त्यावरून हातगाडी. हातगाडी म्हणजे आणखी एक माणूस. आणखी एक माणूस म्हणजे पगार आणि परदेशी कामगारावरचा मासिक कर. मोकळ्या गल्लीचं सुख सगळ्यांचं, तिचा हा वाढीव खर्च मात्र मोजक्या दुकानांचा. असे खर्च आराखड्यात कुठेच नसतात, कारण आराखडा दिवसाउजेडी पाहिलेला असतो आणि बाजार पहाटे भरतो.

म्हणून बैठकीची वेळ हा मला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. एका सल्लागार संस्थेने दुकानदारांची मतं घ्यायला दुपारी तीनची वेळ ठेवली होती. आले ते ज्यांच्याकडे गल्ला सांभाळायला मुलगा किंवा भाऊ होता तेवढेच. एकटी बसणारी फुलवाली बाई, स्वतः कातरी चालवणारा शिंपी, दुपारच्या जेवणावळीत अडकलेला खानावळवाला यांपैकी कुणीही नाही. अहवालात मात्र 'व्यापाऱ्यांचा सहभाग' असा रकाना भरला. पुढची बैठक आम्ही रात्री दुकानं बंद झाल्यावर, एका खानावळीच्या वरच्या मजल्यावर घेतली. तमिळमध्ये बोलायचं, इंग्रजीत मी लिहायचं. त्या रात्री भिंतीवर परिसराचं रंगीत संकल्पचित्र लावलेलं होतं: कमान, दिवे, कॅमेरे लटकवलेली गोरी जोडपी, झब्ब्यातला एक मुलगा. एका किराणावाल्यांनी चष्मा सावरून ते बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "चित्र छान आहे. यात माझं गिऱ्हाईक कुठाय?"

त्यांचं गिऱ्हाईक रविवारी येतं. बांधकामावर, गोदीत, कारखान्यात राबणारे तमिळनाडूचे, आंध्रचे, बांगलादेशचे तरुण आठवड्याची सुट्टी इथे घालवतात. पैसे घरी पाठवायचे, फोनचं रिचार्ज मारायचं, केस कापायचे, मित्राला भेटून गवतावर बसायचं, खोबरेल आणि लोणचं घ्यायचं, आणि गावी जायच्या आधी साठवलेल्या पैशातून 916 सोन्याची साखळी किंवा आईसाठी कुड्या. पर्यटक चुंबकाची टिकली आणि मेंदीचा एक हात घेतो. त्याच्या एका पावतीचा आकडा मोठा असू शकतो, पण तो पुन्हा येत नाही. कामगार दर रविवारी येतो. माझ्या कित्येक अशिलांचं भाडं निघायचं ते त्याच्या खिशातून, आणि परिसराच्या प्रसिद्धीपत्रकांत नेमका तोच नसायचा.

8 डिसेंबर 2013 च्या रात्री रेसकोर्स रोडवर बसच्या अपघातात एका भारतीय कामगाराचा मृत्यू झाला आणि त्यानंतर दंगल उसळली. त्यानंतर या भागातल्या दारूविक्रीवर निर्बंध आले. 1 एप्रिल 2015 पासून लागू झालेल्या कायद्याने शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी सातनंतर दुकानातून दारू विकायला बंदी घातली. शांतता हवी हे दुकानदारांनाही मान्य होतं. त्यांच्यातले काही तर गर्दीची तक्रार वर्षानुवर्षं करत होते. पण बियरसोबत शेंगदाणे, मुरुक्कू, थंड पेयं, रिचार्ज असं सगळंच विकलं जायचं. गर्दी पांगली तेव्हा तक्रार करणाऱ्यांच्या वह्यांतही रविवारचा आकडा उतरला. शेजाऱ्याचं गिऱ्हाईक हे आपलंही गिऱ्हाईक असतं, ही गोष्ट कुणी समजावून सांगण्यापेक्षा बेरजेत दिसली की पटकन पटते.

2020 ने हे पुन्हा दाखवलं, फार वाईट पद्धतीने. वसतिगृहांत राहणारे तीन लाखांहून जास्त कामगार करोनाच्या साथीत आत अडकले. दुकानं उघडायला परवानगी मिळाली तरी रविवार परत आला नाही. लहान उद्योगांना भाडेसवलत देणारी योजना आली, काही भार सरकारने उचलला, काही घरमालकांवर टाकला. ती कागदपत्रं भरण्यात आमच्या कार्यालयाचे कित्येक दिवस गेले. ज्यांचे करार तोंडी होते, ज्यांनी पोटभाडेकरू ठेवलेले होते, त्यांची फार ओढाताण झाली. संघटनेचा खरा उपयोग मला तेव्हा कळला. रोषणाईच्या वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्या माणसांना कोणत्या दुकानाचा करार कुणाच्या नावावर आहे हे ठाऊक होतं, आणि त्या ओळखीमुळे कित्येक फॉर्म वेळेत गेले. 2022 च्या मध्यावरही कामगारांना रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी लिटल इंडियासारख्या ठरावीक ठिकाणी यायला वेगळा परवाना लागे. त्या काळात काही जुन्या पाट्या उतरल्या. दिवे 2020 मध्येही लागले होते, आणि रिकाम्या रस्त्यावर ते नेहमीपेक्षा जास्त लखलखीत दिसत होते. एका खानावळवाल्यांनी विचारलं, "आता फोटोला अडथळा नाही ना कुणाचा?"

माणसं मिळण्याचा प्रश्न असाच. सेवाक्षेत्रातल्या साध्या कामगार-परवान्यावर भारतातून माणूस आणता येत नसे. वर्षानुवर्षं व्यापारी आणि खानावळवाले सांगत होते की डोसा घालायला डोसा घालणारा लागतो. 2023 च्या सप्टेंबरपासून भारतीय खानावळींना स्वयंपाकी तरी भारतातून आणण्याची मुभा मिळाली. माझ्या हिशेबी परिसराच्या विकासातलं हे मोठं पाऊल. याचं उद्घाटन कुणी केलं नाही, फीत कापली नाही. पण बंद पडायला टेकलेले तवे त्यामुळे तापत राहिले. परिसर विकास म्हटलं की डोळ्यांपुढे फरशी आणि दिवाबत्ती येते. व्यापाऱ्याला विचारलं तर तो करार, कामगार आणि कचऱ्याची गाडी सांगतो. त्याच्या यादीला सौंदर्य नाही. पण ती यादी बाजूला ठेवून केलेल्या सौंदर्याला पुढे राखणदार मिळत नाही.

व्यापारी म्हणजे संस्कृतीचे साधुसंत, असंही मी म्हणणार नाही. भाव पाडण्यासाठी एकमेकांचे पाय ओढताना मी त्यांना पाहिलंय. बैठकीत वारशावर बोलणारा माणूस दुसऱ्या दिवशी आपली वडिलोपार्जित जागा जास्त भाडं देणाऱ्या साखळी दुकानाला देताना पाहिलाय, आणि त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं हेही मनाशी ताडून पाहिलंय. त्यांना सहभागी करून घ्यायचं ते ते थोर आहेत म्हणून नव्हे. परिसर जिवंत आहे की नुसता उभा आहे, हे त्यांच्या गल्ल्यात सगळ्यात आधी कळतं, म्हणून. पर्यटकांचं सर्वेक्षण होऊन छापून यायला वर्ष जातं. फुलवालीला संध्याकाळी उरलेल्या हारांवरून कळतं.

गेल्या खेपेला कोल्हापूरला गेले तेव्हा अंबाबाई मंदिर परिसराच्या विकास आराखड्याची चर्चा घरोघरी होती. माझ्या भावाचं महाद्वार रोडजवळ ओटीच्या साहित्याचं दुकान आहे. खण, नारळ, हळद-कुंकू, हिरव्या बांगड्या. रुंद रस्ते, भाविकांसाठी सोयी, मोकळी जागा या सगळ्याची तिथे गरज आहे हे त्यालाही मान्य आहे. नवरात्रात त्या बोळांत काय होतं हे त्याने लहानपणापासून पाहिलंय. पण मोकळ्या जागेत त्याची जागा कुठे, हे त्याला कळत नव्हतं. "तू तिकडे असल्या बैठका लिहितेस ना," तो म्हणाला, "मग मी काय विचारू ते लिहून दे."

मी लिहून दिलं. दुसरी जागा देणार असाल तर ती किती फुटांची हे नंतर. देवळातून बाहेर पडणारा माणूस तिच्यावरून जाणार का, हे आधी. करार किती वर्षांचा आणि भाडं कोणत्या हिशेबाने वाढणार. माल किती वाजता, कुठपर्यंत आणता येईल. रोज येणारे पेठेतले लोक आणि बाहेरगावचे भाविक, यांतल्या कुणाच्या पैशावर आज दुकान चालतं, याची मोजणी काम सुरू होण्याआधी कोण करणार. बांधकामाच्या काळात गल्ला बंद राहिला तर पगार कुठून द्यायचे. आणि उद्घाटन झाल्यावर तिसऱ्या वर्षी दिवे, झाडलोट, पाणी यांचा खर्च कुणाच्या नावे पडणार.

त्याने कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "प्रश्न बरोबर आहेत. पण चर्चेला बोलावलंय शुक्रवारी सकाळी."

शुक्रवार म्हणजे देवीचा वार. त्या दिवशी त्या रस्त्यावरचा एकही दुकानदार गल्ला सोडून उठू शकत नाही.

"मग पहिलं पत्र बैठकीच्या वेळेबद्दलच लिही," मी म्हटलं. त्याने शेजारच्या बांगडीवाल्याला हाक मारली, त्याने पलीकडच्या पेढेवाल्याला, आणि माझ्या समोरच त्या पत्रावर सह्या गोळा व्हायला लागल्या.